दुपारी उतरणारा झरा

उज्वला देवरे मॅडमांनी मोबाइलवर ‘संधी’ नावाचा एक ग्रुप सुरू केला होता. नाशिकच्या ज्या कॉलेजात त्या भूगर्भशास्त्र शिकवत, तिथली मुलं त्यात होतीच, शिवाय मनमाडची, सटाण्याची, सुरगाण्याची, मॅडमांनी कधी तोंडही न पाहिलेली मुलं होती. रोज सकाळी गॅसवर चहा ठेवून मॅडम देशभरातल्या संस्थांच्या वेबसाइट चाळत आणि जे सापडेल ते सोप्या मराठीत ग्रुपवर टाकत. कुठली फेलोशिप निघाली, कुठल्या प्रकल्पाला सहायक हवा आहे, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला अर्ज चालतो का, मुलाखतीला जायचं भाडं मिळतं का. खाली एक ओळ ठरलेली असे. ‘आपल्याला कोण घेणार, हे त्यांना ठरवू द्या. तुम्ही अर्ज करा.’

ज्योत्स्ना भोयेनं अर्ज केला तो या ओळीच्या भरवशावर. ती पेठ तालुक्यातल्या एका डोंगराळ गावातली. घरी भात आणि नागली. भात निघाला की तिचे वडील, काळू, पिंपळगाव बसवंतकडे द्राक्षाच्या कामाला जात आणि उन्हाळ्यापर्यंत तिकडेच राहत. ज्योत्स्ना एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. पुण्याच्या एका संस्थेची पाण्यावर संशोधन करणाऱ्यांसाठी फेलोशिप निघाली होती. मिळाली तर पाच वर्षं पीएच.डी. करता येणार होती, तीही घरच्यांकडे हात न पसरता. शंभरावर अर्जांतून मोजक्यांना मुलाखतीला बोलावलं, त्यात तिचं नाव आलं.

तिचा विषय होता तिच्या गावचा झरा. पावसाळ्यात त्या गावात छत्री उलटी होईल असा पाऊस पडतो आणि मार्चमध्ये बाया झऱ्यावर हंडे लावून बसतात. हे असं का होतं, हे कुणी नीट मोजलेलंच नव्हतं. मोजायचं तर यंत्र हवं आणि बाजारातलं यंत्र परवडणारं नव्हतं. ते तिच्या हॉस्टेलमधल्या मैत्रिणीनं बनवलं.

ही मैत्रीण वैष्णवी विधाते. पिंपळगावची, वडिलांचं तिथं द्राक्षाचं पॅकहाउस. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये एम.टेक. करत होती. वडिलांचं म्हणणं, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत चांगल्या कंपनीत लागावं आणि घरी लवकर येत जावं. वैष्णवीला स्वतःचं काहीतरी उभं करायचं होतं. तिनं एक छोटं यंत्र तयार केलं. झऱ्याचं पाणी जिथून बाहेर पडतं, तिथं खाच पाडलेला पत्रा बसवायचा. पत्र्यामागं पाणी किती उंच आहे, ते पाण्यात बुडवलेला सेन्सर सांगणार. त्या उंचीवरून झरा किती वाहतो, ते कळणार. सेन्सरची वायर वर दगडावर ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या खोक्यात, आणि खोक्यात सर्किट, बॅटरी आणि आकडे साठवणारी चिप. असं यंत्र गावोगावी स्वस्तात देता येईल म्हणून वैष्णवीनंही एका नवउद्योग केंद्राकडे निधी मागितला होता. तिचं सादरीकरण ज्योत्स्नाच्या मुलाखतीनंतर दोन दिवसांनी होतं.

दोघींच्याही अर्जात सगळ्यात वर एकच आलेख होता. फेब्रुवारीपासूनच्या आकड्यांत एक सुरेख गोष्ट दिसली होती. रोज ऊन चढलं की झरा उतरायचा, दुपारी तळ गाठायचा आणि संध्याकाळपासून पुन्हा भरत जायचा. ज्योत्स्नानं वाचलं होतं, की झाडं दिवसा मुळांनी पाणी ओढतात आणि काही ठिकाणी त्यामुळं ओढ्याचं पाणी रोज असंच खालीवर होतं. तिच्या झऱ्याच्या वर तर उतारावर उंबर, जांभूळ, करंज अशी जुनी झाडं होती. मॅडमांनी आलेख पाहिला तेव्हा त्या खुर्चीतून उठून खिडकीपाशी उजेडात गेल्या होत्या. शिफारसपत्रात त्यांनी या शोधावर आख्खा परिच्छेद लिहिला.

मुलाखतीला दहा दिवस उरले असताना वैष्णवीनं हॉस्टेलच्या गच्चीवर एक बादली भरून ठेवली. दुसरं यंत्र तयार झालं होतं आणि सादरीकरणाच्या वेळी बॅटरी दगा देऊ नये, म्हणून ते दोन-तीन दिवस चालवून बघायचं होतं. सेन्सर पाण्यात सोडला, खोकं कठड्यावर ठेवलं. कावळे बादलीत चोच बुडवायला लागले म्हणून वर एक ताट झाकलं.

तिसऱ्या दिवशी जेवण करून ती गच्चीवर आली, लॅपटॉप जोडला आणि आकडे उतरवून घेतले. बॅटरी ठीक होती. सहज म्हणून तिनं आलेख काढला आणि उन्हात उभी राहून ती त्याच्याकडे बघत राहिली. बादलीतलं पाणी रोज दुपारी उतरत होतं आणि संध्याकाळपासून पुन्हा भरत होतं.

तिनं ताट उचलून पाहिलं. पाणी होतं तिथंच होतं. खोक्याला हात लावला तर चटका बसला. ऊन चढलं की आतलं सर्किट तापत होतं आणि आकडा खाली ढकलत होतं. लॅबमध्ये तपासलं तेव्हा डोक्यावर पंखा फिरत होता, म्हणून हे कधी दिसलंच नव्हतं.

ही गोष्ट त्या घडीला जगात फक्त तिला माहीत होती. कुणी विचारणार नव्हतं. खोक्यात तापमान मोजायला एक लहानसा सेन्सर घातला की पुढचे आकडे सुधारले असते. वैष्णवी जिन्याच्या सावलीत थोडा वेळ बसली. मग तिनं खाली खोलीत अभ्यास करणाऱ्या ज्योत्स्नाला फोन केला आणि वर बोलावलं.

ज्योत्स्नानं आलेख पाहिला. मग बादलीपाशी जाऊन ती उकिडवी बसली आणि आत वाकून पाहत राहिली.

“हिला तर झाड नाही,” ती म्हणाली.

“नाही.”

“म्हणजे झरा उतरतच नसेल.”

“थोडा उतरत असेलही. पण आपल्याला दिसला तो बहुतेक सगळा माझ्या खोक्याचा ताप होता.” वैष्णवीनं लॅपटॉप मिटला. “ज्योत्स्ना, मी एक बोलते, रागावू नकोस. आठवडा राहिलाय. तू मुलाखत देऊन ये, मी सादरीकरण करते. मग दुरुस्त करून सांगू सगळ्यांना. खोटं बोलायचं नाही, नुसतं थोडं उशिरा बोलायचं.”

ज्योत्स्ना रागावली नाही. तिनं ताट पुन्हा बादलीवर ठेवलं. “परवा दत्तूचा फोन आला होता,” ती म्हणाली. दत्तू तिचा धाकटा भाऊ. “मी त्याला मागं सांगितलं होतं, यंत्रात असं असं दिसतंय. त्यानं ते गावात सांगितलं. आता लोक म्हणतायत, झाडंच पाणी पितात तर झाडं काढून टाकू. मी म्हटलं, थांबा, मी येऊन समजावते. मुलाखत झाल्यावर जाणार होते.” ती उठली. “उद्या शनिवार आहे. येतेस?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दोघी पेठला उतरल्या आणि पुढं जीपनं गावात गेल्या. घरी पिशवी टाकून ज्योत्स्ना सरळ झऱ्याकडे निघाली. वर उताराकडे नजर गेली आणि ती थांबली. उंबराच्या खोडाला चुन्याचा पांढरा पट्टा ओढलेला होता. पलीकडच्या दोन जांभळांनाही. करंजालाही.

झऱ्यावर बाया पाण्याला आल्या होत्या. ज्योत्स्नाची आई भागीबाई त्यांच्यातच होती. सरपंच सगुणाबाईसुद्धा हंडा घेऊन आली होती, कारण सरपंचालाही पाणी इथूनच न्यावं लागे. लेक आलेली बघून भागीबाईचा चेहरा फुलला.

“बरं झालं आलीस,” सगुणाबाई म्हणाली. “सोमवारी झाडं काढायची ठरलं हाय. तूच सांगितलंस ना, दुपारी झाडं पाणी ओढतात. ती गेली का पाणी आपल्याला.”

वैष्णवी मागं उभी होती. ज्योत्स्ना आईकडे बघून काहीतरी बोलेल, सगुणाबाईला बाजूला घेईल, असं तिला वाटलं. तसं ती करू शकली असती. पण ज्योत्स्ना झऱ्याच्या दगडावर चढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“ते मी चुकीचं सांगितलं. झाडं तोडू नका.”

सगुणाबाईनं हंडा खाली ठेवला.

“यंत्र उन्हात तापतं आणि पाणी नसलं उतरलं तरी उतरलं म्हणतं. आम्ही हॉस्टेलच्या गच्चीवर नुसत्या बादलीत ठेवून बघितलं, तिथं पण तेच. बादलीला कुठं झाड हाय?”

एक म्हातारी फिस्सकन हसली. पण वरच्या अंगाला बसलेला एक तरुण हसला नाही. चुन्याचा डबा त्याच्याच घरचा होता. “तेव्हा पण तूच बोललीस आणि आता पण तूच बोलतेस,” तो म्हणाला. “आम्ही खरं कुठलं मानायचं?”

वैष्णवीला वाटलं, आता ही रडेल. भागीबाईनं मान खाली घातली होती, आणि ते ज्योत्स्नाला दिसत होतं.

“कुठलंच मानू नका,” ज्योत्स्ना म्हणाली. “उद्या सकाळी आणि दुपारी इथं या. डबा धारेखाली लावायचा, भरायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर बघायचं. मी हात लावणार नाय, तुम्हीच मोजा.” मग जरा थांबून ती पुढं म्हणाली, “आणि आणखी एक. झाडं पाणी पितच नाहीत असं मी म्हणत नाय. किती पितात ते मला अजून माहीत नाय. माहीत नसताना तोडू नका, एवढंच म्हणते.”

रविवारी सकाळी लवकर निम्मं गाव झऱ्यावर आलं. ज्याचा चुन्याचा डबा होता, त्यानंच तेलाचा रिकामा डबा धारेखाली धरला. मोबाइल सगुणाबाईच्या हातात. एकदा मोजून समाधान झालं नाही म्हणून पुन्हा पुन्हा मोजलं. ऊन डोक्यावर आल्यावर सगळे परत आले. डबा भरायला सकाळी जेवढा वेळ लागला तेवढाच दुपारी लागला. दगडावरचं यंत्र मात्र त्याच वेळी झरा निम्म्यावर आल्याचं सांगत होतं. वैष्णवीनं स्क्रीनवरचा आकडा सगळ्यांना दाखवला. आपलंच यंत्र खोटं ठरताना दाखवायचं अवघड होतं, पण दगडावर उभी असलेली मैत्रीण तिनं कालच पाहिली होती.

“कालच बोललीस ते बरं केलंस,” सगुणाबाई ज्योत्स्नाला म्हणाली. “दोन दिवसांनी बोलली असतीस तर कुऱ्हाड लागून गेली असती.”

परतीच्या जीपमध्ये दोघींना मागं जागा मिळाली. मग वैष्णवी म्हणाली, “उशिरा सांगू म्हणाले होते मी.”

“तू मला फोन करून वर बोलावलंस,” ज्योत्स्ना म्हणाली. “बोलावलं नसतंस तर मी काय करणार होते?”

सोमवारी दोघी मॅडमांकडे गेल्या. मॅडमांनी बादलीचा आलेख आणि झऱ्याचा आलेख शेजारी शेजारी ठेवून पाहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

“माझं पत्र त्यांच्याकडे पोचलंय,” त्या म्हणाल्या. “त्यात मी हेच कौतुकानं लिहिलंय. ते मी आजच मागे घेते आणि दुसरं पाठवते. तुझं तू काय ठरवलंस?”

“मुलाखतीला जाते. हे दोन्ही आलेख दाखवते.”

“निवड होणार नाही कदाचित.”

“ते त्यांना ठरवू द्या, असं तुम्हीच रोज लिहिता, मॅडम.”

मॅडम हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. “बस इथं,” त्या म्हणाल्या. “तुझ्या आकड्यांतलं आता खरं काय उरलं, ते आधी आपण शोधू.” त्या दिवशी त्यांनी दुपारचे तास दुसऱ्या शिक्षकांना दिले. तिघींनी मिळून सगळे आकडे पुन्हा तपासले. दिवसाचा चढउतार गेला. पण पहाटेचे, खोकं गार असतानाचे आकडे चांगले होते, आणि ते जोडले की झरा आठवड्याआठवड्याला कसा आटत गेला, ते स्वच्छ दिसत होतं. नाट्यमय असं काही नव्हतं, पण खरं होतं.

पुण्याच्या मुलाखतीत टेबलापलीकडे पाच जण होते. ज्योत्स्नानं पहिल्या मिनिटातच सांगितलं, की अर्जात मुख्य म्हणून लिहिलेला शोध चुकीचा निघाला आहे. मग दोन्ही आलेख दाखवले, डब्यानं केलेली मोजणी सांगितली आणि पहाटेच्या आकड्यांवर आली. इंग्रजी बोलताना ती दोनदा अडली, तिथं मराठीत बोलली.

अध्यक्ष म्हणाले, “तुम्ही हे सांगितलं नसतं तर आमच्यापैकी कुणाला कळलं नसतं. हे लक्षात आलं होतं का तुमच्या?”

“हो सर.”

“तरी सांगितलंत.”

“गावाला आधीच सांगून आले होते, सर. तिथं सांगून इथं कसं लपवणार?”

एका कोपऱ्यात बसलेल्या बाईंनी तेव्हा प्रथमच मान वर करून तिच्याकडे पाहिलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला. झाडांचं पाणी खरंच मोजायचं तर ती काय करील? ज्योत्स्नानं मनात होतं ते सगळं सांगितलं आणि जे येत नव्हतं ते येत नाही म्हणाली.

फेलोशिप तिला मिळाली नाही. यादी लागली तेव्हा तिनं दोनदा वाचली, मोबाइल उशीखाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. वैष्णवीचंही तसंच झालं. नवउद्योग केंद्रात तिनं स्वतःहून यंत्रातला दोष सांगितला. तिथल्या लोकांनी तो नीट ऐकून घेतला, आभार मानले आणि दुरुस्त यंत्र घेऊन पुढच्या फेरीत यायला सांगितलं. त्या आठवड्यात अंबडच्या कंपनीचा नोकरीसाठी फोन आला, तेव्हा वैष्णवीच्या वडिलांनी पॅकहाउसमध्ये पेढे वाटायची तयारी केली. तिनं कंपनीकडे एक महिना मागून घेतला.

तो महिना संपायच्या आत ज्योत्स्नाला पुण्याहून फोन आला. कोपऱ्यातल्या बाई बोलत होत्या. त्यांचं नाव छाया कुलथे, सह्याद्रीतल्या झऱ्यांवर त्या बरीच वर्षं काम करत होत्या.

“फेलोशिपला गुण लागतात ते तयार निकालाचे,” त्या म्हणाल्या. “तुझा निकाल तूच मोडून आलीस, म्हणून मागं पडलीस. मी भांडले, पण माझं एक मत. माझ्या प्रकल्पात सहायकाची जागा आहे. वर्षभराचीच आहे, आणि डोंगरात फिरावं लागतं. पुष्कळ मुलं मला आकडे आणून देतात. हे आकडे चुकले आहेत असं सांगायला अजून कुणी आलं नव्हतं. येशील का?”

“माझी मैत्रीण यंत्रं बनवते,” ज्योत्स्ना म्हणाली. “तिचं नवं यंत्र तापमान धरून चालतं. ते तुम्ही बघाल का?”

पलीकडून हसू ऐकू आलं. “आधी तू तुझं उत्तर दे. मग तिला घेऊन ये.”

ज्योत्स्ना गेली. वर्षभर ती अकोले, जव्हार, सुरगाण्याच्या डोंगरांत फिरली. नेटची परीक्षा दिली, एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास झाली. तीच फेलोशिप पुन्हा निघाली, तेव्हा मॅडमांनी ग्रुपवर टाकायच्या आधी तिला फोन केला, पण तिचा अर्ज तेव्हा भरून झालेला होता. या खेपेस तिचं नाव यादीत आलं. वैष्णवीची यंत्रं प्रकल्पानं आधी चार घेतली, मग आणखी. नवउद्योग केंद्राचा निधी तिला दुसऱ्या फेरीत मिळाला आणि सातपूरला एका शेडच्या अर्ध्या भागात तिनं काम सुरू केलं. वडील अधूनमधून द्राक्षं घेऊन येतात, खुर्चीत बसून सोल्डरिंग बघतात आणि कंपनीचा विषय काढत नाहीत.

झाडं उभी आहेत. ती किती पाणी पितात, याचं उत्तर ज्योत्स्नाजवळ अजून पूर्ण नाही. पण गावात तिला तसं विचारलं तर ती खाली बसून आतापर्यंत काय कळलं ते सांगते, आणि लोक ऐकतात.

गेल्या डिसेंबरात उज्वला मॅडमांनी तिला कॉलेजात बोलावलं, एम.एस्सी.च्या मुलांशी बोलायला. वैष्णवी शेडला कुलूप लावून आली आणि मागच्या बाकावर बसली. तिला वाटलं होतं, ज्योत्स्ना आपल्या यशाबद्दल बोलेल. ज्योत्स्ना सगळा वेळ कामाचं बोलली. जाहिरातीतली पात्रता कशी वाचायची, शिक्षकांना शिफारसपत्र किती आधी मागायचं, अनोळखी शास्त्रज्ञाला ईमेल लिहिताना पहिल्या दोन ओळींत काय असावं, प्रकल्पातली तात्पुरती जागा कमी का समजू नये. स्वतःचं काय झालं ते तिनं मोजक्या शब्दांत सांगितलं, चुकीसकट. मागच्या बाकावर वैष्णवीला ती झऱ्याच्या दगडावर उभी असलेली दिसत होती. तेव्हाही तिचा आवाज असाच होता, आणि अशी माणसं आयुष्यात फार भेटत नाहीत, असं वैष्णवीच्या मनात आलं.

तास संपला तशी मुलं टेबलाभोवती जमली. सगळे गेल्यावर एक मुलगी मागं राहिली. सुरगाण्याकडची होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

“ताई, माझ्याकडं निकाल असा काहीच नाय,” ती म्हणाली. “तरी अर्ज करू का?”

ज्योत्स्नाची पुण्याची बस सुटायला फार वेळ उरला नव्हता. तिनं शेजारची खुर्ची ओढली.

“बस,” ती म्हणाली. “तुला काय शोधायचंय, ते सांग आधी.”